खड्ड्यात गाडी आदळते? सस्पेन्शनला दोष देण्याआधी धक्का ओळखायला शिका

नवीन गाडी घेतलेले किंवा नुकतेच चालवायला लागलेले बरेच जण एकच तक्रार करतात, "सस्पेन्शन फार हार्ड आहे, खड्ड्यात लागतं." आणि लगेच पुढचा प्रश्न, कुठलं सस्पेन्शन टाकू? जरा थांबा. त्या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात आणि चारींचा इलाज वेगळा असतो. माझी आई मागच्या सीटवर बसली की दोन्ही हातांनी खिडकीवरचं हँडल घट्ट धरायची, खड्डा दिसला की आधीच अंग आखडून घ्यायची, आणि मी जवळपास वर्षभर हेच धरून चाललो होतो की गाडीच तशी आहे, आता काय करणार. नंतर कळलं की मागच्या टायरात हवा पाहिजे त्यापेक्षा ७ पीएसआय जास्त होती आणि मागचा डावा शॉकअप पार संपलेला होता. वर्षभर तिच्या पाठीने ते सोसलं याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी थोडं समजून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या नुसत्या पाठ होतील.

रस्त्याचा धक्का तुमच्या पाठीपर्यंत एका साखळीतून येतो. आधी टायर, मग स्प्रिंग आणि शॉकअप, मग ठिकठिकाणचे रबरी बुश (जोडांमध्ये बसवलेले रबराचे तुकडे), मग बॉडी, शेवटी सीटचा फोम. स्प्रिंगचं काम चाकाला वर जाऊ देणं, म्हणजे खड्ड्याचा मार स्वतःत साठवणं. पण साठवलेलं ती परत करते, सोडून देत नाही, त्यामुळे नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ उड्या मारत राहिली असती. तिला आवरतो तो शॉकअप. त्याच्या आत तेल असतं, पिस्टन असतो आणि पिस्टनला बारीक व्हॉल्व्ह असतात, तेल त्या बारीक वाटांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. खराब रस्त्यावर तासभर गाडी चालवून थांबलात तर शॉकअपला हात लावू नका, चांगलाच तापलेला असतो. म्हणजे नाव जरी शॉक ॲब्सॉर्बर असलं तरी धक्का खातात टायर आणि स्प्रिंग, शॉकअप उसळी थांबवतो. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

दुसरी गोष्ट, "सॉफ्ट म्हणजे आरामदायी" हे अर्धंच खरं आहे. साध्या आरामदायी गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा वरखाली होईल अशी बनवलेली असते. आपण चालतो तेव्हा शरीर याच्या जवळपासच्याच तालात वरखाली होत असतं, त्यामुळे तो झोका अंगाला खुपत नाही. बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या थरथरीचा, कारण पोट, छाती आणि मणके त्याच तालात हलायला लागतात. आणि उलट टोकाला, सेकंदाला अर्ध्या वेळेपेक्षाही संथ हेलकावे आले तर मळमळायला लागतं, बोटीत होतं तसं. म्हणून स्प्रिंग मऊ करत गेलं की आराम वाढतच जातो असं होत नाही, एका हद्दीनंतर कंबर वाचते आणि पोट ढवळतं.

पहिली पायरी: टायर आणि हवा

हे आधी करा, कारण याला पैसे लागत नाहीत आणि निम्म्या लोकांचं काम इथेच होतं असं माझं मत आहे.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, तिथे खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतो (काही गाड्यांत इंधनाच्या झाकणाच्या आत), त्यावर पुढच्या-मागच्या टायरचा आकडा असतो, दोन-तीन माणसांसाठी वेगळा आणि फुल लोडसाठी वेगळा. हाच तुमचा आकडा. टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या उभ्या भिंतीवर) छापलेला मोठा आकडा हा तो टायर जास्तीत जास्त किती हवा झेलेल याचा आहे, तेवढी भरायची नसते, आणि तरी तेवढी भरून फिरणारे लोक मी पाहिलेत. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी काही तास उभी असताना किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चालल्यावर. मोठा पल्ला मारून आल्यावर आकडा सहज ३-४ पीएसआयने वर दिसतो, तेव्हा तो बघून हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर बसलेला असेल. हवामानानेही फरक पडतो, तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो.

"जरा जास्त भरा, मायलेज मिळतं" हा सल्ला खराब रस्त्यावर पाळू नका. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे, आणि छोटे छोटे दगड, फुटलेल्या डांबराच्या कडा, बारीक खडबड हे सगळं तीच गिळते, मोठ्या स्प्रिंगपर्यंत ते नीट पोहोचतही नाही. आणि उलट, आराम मिळावा म्हणून स्टिकरच्या खालीही जाऊ नका. कमी हवेचा टायर खड्ड्याच्या कडेवर रिमपर्यंत दाबला जातो, मग रिम बेंड होते किंवा साइडवॉलला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर बदलायलाच लागतो, त्यावर पॅच वगैरे काही चालत नाही.

टायरचा साइझही वाचायला शिका. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १२० मिमी, आणि रिम १५ इंची. आता कोणी हौसेने २०५/४५ आर १७ टाकला तर साइडवॉल राहिली ९२ मिमी. धक्का गिळणारं जवळपास तीन सेंटिमीटर रबर आणि हवा गेली. वर मोठी रिम बहुतेक वेळा जडही असते, आणि चाक जितकं जड तितकं ते खड्ड्यातून वर उसळलं की त्याला आवरायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं. दिसायला गाडी भारी दिसते हे मान्य आहे, पण खराब रस्ते रोजचे असतील तर माझा सल्ला सरळ आहे, कंपनीने त्या मॉडेलला दिलेली सगळ्यात छोटी रिम ठेवा.

दुसरी पायरी: धक्का ओळखा

आता खरी गंमत इथे आहे. रोजच्या वाटेवरचा दोन-तीनशे मीटरचा खराब तुकडा निवडा, ज्यात एक स्पीड ब्रेकर, काही खड्डे आणि थोडी बारीक खडबड असेल. गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. स्वतः स्टेअरिंग धरून बसलात की रस्ता दिसतो, शरीर आधीच तयारी करतं आणि निम्मे धक्के कळतच नाहीत. मागे बसा, म्युझिक बंद, एसीचा पंखा बारीक, काचा खाली. एकदा २० च्या स्पीडने, एकदा ४० ने, मोकळा रस्ता असेल तेव्हाच. डोळे मिटा आणि फक्त हे ओळखा की लागतंय ते नेमकं कसं लागतंय.

पहिला प्रकार, "टक टक". बारीक, तीक्ष्ण, पायाखालच्या पत्र्यात आणि स्टेअरिंगमध्ये जाणवणारा धक्का, छोट्या छोट्या कडांवर. याचं मूळ बहुतेक वेळा टायरात असतं, हवा जास्त, साइडवॉल कमी किंवा टायर जुना होऊन रबर कडक झालेलं. हवा बरोबर करूनही जात नसेल तर मग बुश बघायचे.

दुसरा प्रकार, "उसळी". स्पीड ब्रेकर ओलांडला, गाडी खाली आली, परत वर गेली, परत खाली, परत वर. चांगला शॉकअप एका उसळीतच गाडी शांत करतो, तुम्ही दोन-तीन मोजू शकत असाल तर शॉकअप थकलाय. हा प्रकार फसवा आहे कारण सुरुवातीला तो मऊपणा वाटतो, लोक म्हणतात गाडी किती स्मूथ झाली बघा. खरं तर टायर रस्ता सोडून हवेत वेळ घालवतोय, ब्रेक मारला तर गाडी थांबायला जास्त अंतर लागेल. हा आरामाचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे, यात चालढकल करू नका.

तिसरा प्रकार, "धप्प". मोठ्या खड्ड्यात किंवा ब्रेकरवर एकच जड, बोथट दणका, गाडी जमिनीला टेकली की काय असं वाटतं. चाकाला वर जायला जेवढी जागा होती ती संपली आणि सस्पेन्शन बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी किंवा फोमच्या तुकड्यावर जाऊन बसलं. लोड जास्त असेल, स्प्रिंग बसली असेल, बंप स्टॉप झिजून भुगा झाला असेल, किंवा साधं कारण म्हणजे स्पीड जास्त होता. पाठीला खरी इजा करतो तो हा धक्का.

चौथा, "डोकं हलणं". धक्का मोठा नसतो पण डोकं डावीकडे-उजवीकडे फेकलं जातं, खिडकीवर आपटायला होतं. एका बाजूचं चाक खड्ड्यात आणि दुसरं सपाट रस्त्यावर असलं की असं होतं. दोन्ही चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर बार वळणावर गाडीला कलू देत नाही म्हणून चांगला, पण एका चाकाचा धक्का तोच दुसऱ्या बाजूला नेतो. उंच गाड्यांना कलणं रोखायला हा बार बऱ्याचदा जाड दिलेला असतो, म्हणून ग्राउंड क्लिअरन्स भरपूर आणि तरी मागे बसणारा वैतागलेला असं होऊ शकतं. याला दुरुस्ती नाही, ही गाडीची बांधणी आहे. स्पीड कमी करणं आणि शक्य तिथे दोन्ही चाकं सारख्या पातळीवरून नेणं एवढंच आपल्या हातात.

हे चारही एका कागदावर लिहा, कुठे, किती स्पीडला, पुढून की मागून. मेकॅनिककडे "गाडी आदळते" म्हणून गेलात तर तो अंदाजाने पार्ट बदलत बसेल, आणि "२० च्या स्पीडला मागच्या डाव्या बाजूने, ब्रेकरनंतर तीनदा उसळते" म्हणालात तर तो सरळ तिथेच हात घालेल.

मागच्या सीटवर जास्त का लागतं हेही इथेच सांगतो. मागचा माणूस जवळपास मागच्या चाकांवरच बसलेला असतो, आणि मागच्या स्प्रिंगा तीन माणसं आणि भरलेली डिकी पेलायला बनवलेल्या असतात, त्यामुळे एकटं माणूस मागे बसलं की त्या त्याच्या वजनाला जुमानत नाहीत. शिवाय मागचा भाग थोडा कडक ठेवण्यामागे विचारही आहे. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने कॅडिलॅकसाठी काम करताना हे अभ्यासून मांडलं, पुढचं चाक उंचवट्यावर आधी चढतं, मागचं क्षणभराने, मग मागच्याचा झोका जरा वेगवान ठेवला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी पुढेमागे डुलत न राहता सपाट वरखाली होऊन शांत होते.

तिसरी पायरी: वाकून बघा

सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. गाडीच्या एका कोपऱ्यावर, चाकाच्या वर, दोन्ही तळहात ठेवून पूर्ण वजनाने दाबा आणि झटकन सोडा. वर येऊन थांबली पाहिजे. डुलत राहिली तर तो शॉकअप गेला. पण लक्षात ठेवा, या टेस्टमध्ये फक्त पार मेलेला शॉकअप सापडतो, अर्धवट थकलेला पास होऊन जातो, म्हणून दुसरी पायरी जास्त भरवशाची.

मग स्टेअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारून चाकाच्या मागे बघा. शॉकअपच्या नळीवर हलका ओलसर थर असेल तर घाबरायचं कारण नाही. पण तेलाचा ओघळ, त्यावर धूळ बसून काळा चिकट लेप झालेला, बोट लावलं तर काळं तेल हाताला लागतं, असं दिसलं तर आतलं सील गेलेलं आहे. माझ्या गाडीच्या त्या मागच्या डाव्या शॉकअपवर असा लेप इतका जाड होता की मी आधी तो रबरी कव्हरच समजलो होतो.

टायरवरून हात फिरवा. कुठे उंच कुठे खोलगट अशा लाटा लागत असतील तर चाक रस्त्यावर टिकत नव्हतं याचा तो पुरावा आहे, थकलेला शॉकअप किंवा बॅलन्सिंग. बुशच्या रबराला भेगा दिसतात का ते बघा. आवाजाचं म्हणाल तर छोट्या खड्ड्यांवर कमी स्पीडला "खट खट" हे बहुतेक लिंक रॉडचं (स्टॅबिलायझर बारला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांडीचं) काम असतं, स्टेअरिंग वळवताना स्प्रिंगमधून "कट्" असा आवाज किंवा ओढल्यासारखं वाटणं हे वरच्या स्ट्रट माउंटचं (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र बसवलेला भाग म्हणजे स्ट्रट, तो वर जिथे बॉडीला बसतो तो जोड), आणि "चर्र चूं" हे सुकलेल्या बुशचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, एक मिनिटासाठीही नाही.

चौथी पायरी: पार्ट बदलताना

शॉकअप जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा एक जुना ठेवलात तर गाडी एका बाजूला शांत आणि दुसऱ्या बाजूला उड्या मारणारी होते. सोबत बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर नवे घ्या, छोटे पार्ट आहेत, पण जुना भुगा झालेला बंप स्टॉप परत बसवला तर "धप्प" तसंच राहतं आणि मग नव्या शॉकअपला शिव्या बसतात. पुढच्या बाजूला स्ट्रट माउंटही बघून घ्या, कारण ते उघडायचे कष्ट तेच आहेत.

लांबच्या खराब रस्त्यावर जास्त फिरणं असेल तर गॅस भरलेले शॉकअप विचारा. सतत वरखाली होऊन तेलात फेस होतो आणि फेसाळलेलं तेल व्हॉल्व्हमधून सहज निसटतं, म्हणजे शॉकअप तात्पुरता सुस्तावतो. नायट्रोजनच्या दाबाने हा फेस कमी होतो. थोडे कडक वाटतात, पण तासाभरानंतरही तसेच राहतात.

एक गोष्ट घाईत बऱ्याच ठिकाणी चुकते, ती समोर उभं राहून करून घ्या. लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुशवाले बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाक खाली लोंबकळत असताना आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो, राइड कडक लागते आणि नवा बुश लवकर फाटतो. गाडीचं वजन चाकांवर आलं की मग शेवटचं आवळणं. आणि स्ट्रटची स्प्रिंग दाबून काढायचं काम घरी करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी जखम होते. काम झालं की व्हील अलाइनमेंट.

काय करू नये

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफर मिळतात, "गाडी उचलते, आराम वाढतो" म्हणून विकले जातात. गाडी थोडी वर राहते हे खरं, पण ते त्या वेटोळ्यांना दाबूच देत नाहीत, म्हणजे स्प्रिंग कडक होते. नेहमी फुल लोड असेल आणि गाडी मागे बसत असेल तर एक वेळ समजू शकतो, आरामासाठी नको. स्प्रिंग कापून गाडी खाली करणं तर बिलकुल नको, चाकाला वर जायची जागाच संपते.

आराम कुठून येतो याचं माझं आवडतं उदाहरण १९४८ ला आलेली सिट्रोएन २ सीव्ही. तिच्या मागची अट अशी होती की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडी फुटता कामा नयेत. त्यासाठी त्यांनी मऊ स्प्रिंगा दिल्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चाकाला वरखाली जायला भरपूर जागा दिली. जागा नसताना नुसती मऊ स्प्रिंग म्हणजे दर खड्ड्याला "धप्प".

शेवटची पायरी: चालवणं

खड्डा समोर आला की लोक ब्रेक दाबून धरूनच खड्ड्यात जातात. ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं, पुढची स्प्रिंग आधीच अर्धी दाबलेली असते, आणि त्याच क्षणी खड्डा. ब्रेक खड्ड्याच्या आधी मारा, आणि चाक आत जायच्या क्षणी पाय सोडा, नाक वर येतं आणि चाकाला जागा मिळते. ही एक सवय लावली तर पुढच्या धक्क्यात फरक त्याच दिवशी कळेल.

स्पीड ब्रेकर तिरका ओलांडायची सवय असेल तर गाडीचा तळ लागत असेल तेव्हाच तसं करा, मागे पाठदुखीचं माणूस असेल तर सरळ आणि अगदी हळू जा, म्हणजे चौथा प्रकार टळेल. जड सामान डिकीच्या टोकाला न ठेवता मागच्या सीटला चिकटवून ठेवा. गाडी कायम भरून जाणार असेल तर फुल लोडचा हवेचा आकडा विसरू नका. आणि ज्याला त्रास आहे त्याला पुढे बसवा, किंवा तीन रांगांची गाडी असेल तर मधल्या रांगेत, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये धक्का सगळ्यात कमी असतो, शेवटच्या रांगेत तर अजिबात नको.

पार्ट बदलल्यावर त्याच दोन-तीनशे मीटरच्या तुकड्यावर, त्याच दोन स्पीडला, परत मागे बसून जा आणि आधीच्या कागदाशी ताडून बघा. आधी नसलेला एखादा "खट" नव्याने आला असेल तर बहुतेक लिंक रॉडचा किंवा वरच्या माउंटचा नट सैल राहिलाय, त्याच दिवशी गाडी परत न्या आणि आवळून घ्या.